सदतीस दिवस

परवा रंकाळ्यावर एका अनोळखी आजींशी मी खोटं बोलले.

संध्याकाळची वेळ होती, बाळाला घेऊन मी बाकावर बसलेले, पाण्यावरनं गार वारा सुटलेला, पलीकडं शालिनी पॅलेसच्या बाजूला उजेड पिवळा होत चाललेला आणि मागनं भेळेच्या गाडीवरनं कांद्याचा न् चिंचेचा वास. शेजारी एक आजी येऊन टेकल्या, भाजीची पिशवी पायाशी ठेवली आणि बाळाकडं बघत म्हणाल्या, "गोड हाय गं. किती म्हयन्याचं?" माझ्या जिभेवर 'चार' आलं होतं. ते मी गिळलं आणि म्हणलं, "अडीच." कारण त्याची मान अजून डुगडुगत होती, माझा हात त्याच्या मानेखालीच होता, आणि चार म्हणलं की पुढचा प्रश्न मला पाठ होता, चार म्हयन्याचं आणि मान न्हाई धरली अजून? आजी खूश झाल्या. "अडीचच्या मानानं अंग चांगलं धरलंय की," म्हणाल्या, बाळाच्या गालाला हात लावून तो स्वतःच्या ओठाला लावला आणि पिशवी उचलून गेल्या. मी तिथंच बसून राहिले.

तसं बघायला गेलं तर ते अगदीच खोटं नाही. डॉक्टरांच्या हिशोबात त्याचं दुसरं एक वय आहेच, करेक्टेड एज म्हणतात, म्हणजे जन्मतारखेपासनं न मोजता ज्या तारखेला तो यायला हवा होता तिथनं मोजायचं. मान धरणं, पालथं पडणं, बसणं, हे सगळं त्या वयानं बघायचं, साधारण दोन वर्षांपर्यंत. लसी मात्र जन्मतारखेनंच. म्हणजे मांडीत सुई घ्यायला तो चार महिन्यांचा आणि मान धरायला पावणेतीन. जन्म ९ नोव्हेंबरचा, डॉक्टरांनी दिलेली तारीख होती १६ डिसेंबर. मधले ३७ दिवस मी त्या बाकावर बसून पुसून टाकले, आणि का टाकले ते रात्री झोप लागेपर्यंत मला छळत राहिलं.

आपल्याकडं 'दिवस भरले' म्हणतात. माझे भरलेच नव्हते. दिवाळी नुकती झालेली, फराळाचे डबे तळाला गेलेले, हॉस्पिटलची बॅग भरायची म्हणून फक्त यादी केलेली. आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, दुपट्यांसाठी जुनी मऊ लुगडी काढून ठेवली होती पण फाडली नव्हती, आधीच तयारी करू नये म्हणतात. पहाटे तीनला अंगावरनं पाणी गेलं. मला वाटलं झोपेत काहीतरी झालं, उठून लाईट लावला तर फरशीपर्यंत पाणी आणि ते थांबेना. चौतीस आठवडे न् पाच दिवस. फुलेवाडीतनं गाडी काढली तर पुढं उसाच्या दोन ट्रॉल्या, कारखाने नुकते सुरू झालेले, ट्रॅक्टरवर मोठ्यानं गाणी लागलेली, ट्रॉलीबाहेर आलेली वाढी आमच्या काचेला घासत होती आणि नवरा हॉर्न वाजवून वाजवून रडकुंडीला आलेला. मला त्या रात्रीतलं सगळ्यात स्पष्ट काय आठवत असेल तर तो ओल्या उसाचा वास.

सकाळी साडेनऊला तो झाला. रडला, पण मांजराच्या पिल्लासारखा, आणि लगेच श्वास घेताना कण्हायला लागला. मला एकदा तोंडाजवळ आणून दाखवला. अंगावर लोण्यासारखं पांढरं, खांद्यांवर, पाठीवर बारीक काळी लव, कान इतके मऊ की दुमडले तर दुमडलेलेच राहतील असे. मग घेऊन गेले. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की फुफ्फुसातल्या बारीक बारीक फुग्यांना आतनं एक पातळ थर लागतो, श्वास सोडला की ते आत चिकटून बसू नयेत म्हणून, आणि तो थर पुरेसा तयार व्हायला शेवटचे आठवडे लागतात. ह्याला थोडा कमी पडलाय, थोडी हवा दाबानं देऊ, दीड-दोन दिवसात सुधारेल. आणि तसंच झालं. पण ते दीड दिवस म्हणजे नाकात दोन बारीक नळ्या, डोक्यावर टोपी, तिला सेफ्टी पिनांनी बांधलेल्या दोऱ्या, आणि शेजारी पाण्याच्या बाटलीत सतत बुडबुडे. बुडबुड, बुडबुड. ते बुडबुडे चालू आहेत म्हणजे चांगलं, असं सिस्टरनी सांगितल्यावर मी त्या बाटलीकडंच बघत बसायचे, बाळाकडं बघायचं धाडस होत नव्हतं.

९ नोव्हेंबर म्हणजे अंबाबाईच्या किरणोत्सवाचा दिवस. मावळतीची किरणं महाद्वारातनं आत येऊन पहिल्या दिवशी देवीच्या पायावर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी चेहऱ्यावर. आत्या लग्न होऊन आल्यापासनं दरवर्षी जातात, नोव्हेंबरातही आणि जानेवारीच्या शेवटालाही. ह्या वेळी घरात सोयर, देवळात जाता येईना. मग हॉस्पिटलच्या व्हरांड्यात, त्या स्टीलच्या खुर्चीवर, नवऱ्याच्या मोबाईलवर लाईव्ह लावून बसल्या. संध्याकाळी आत येऊन माझ्या कानात म्हणाल्या, "पाय शिवलं गं किरणांनी." दुसऱ्या दिवशी बुडबुडे बंद झाले, नळ्या निघाल्या. तिसऱ्या दिवशी किरणं चेहऱ्यापर्यंत पोचली का नाही मला माहीत नाही, ढग आले तर कधी कधी पोचत नाहीत. मी त्या वेळी आत होते, सिस्टर माझं दूध सिरिंजमध्ये ओढून घेत होती.

दूध कसलं, चीक. पहिल्या दिवशी दोन एमएलसुद्धा नव्हतं. लहानपणी बाबा मला पहाटे गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर न्यायचे, म्हैस समोर उभी, ग्लासात थेट धार, वर बोटभर फेस, ते गरम दूध ओठाला लागलेलं मला अजून आठवतं. आणि आता मी अर्धा तास हातानं पिळून सिरिंजच्या टोकाला पिवळं काहीतरी धरून उभी होते, सांडायला नको म्हणून श्वास धरून. सिस्टर म्हणाली, "ताई, हेच सोनं आहे, एक थेंब सोडायचा नाही." चोखायचं, गिळायचं आणि श्वास घ्यायचा, ही तीन कामं एका तालात जमायला बाळाला साधारण चौतिसाव्या आठवड्याच्या आसपास यायला लागतं, ह्याला येत होतं पण दमायचा. चार घोट घेतले की झोप. म्हणून तोंडातनं पोटात नळी, आणि नळीतनं दूध आपल्या आपण उतरायचं, पाच एमएल, आठ एमएल, बारा. मी दर तीन तासाला दूध काढायचे, रात्री दोनला, पाचलापण. हे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं असं मला फार वाटतं, की बाळ ओढत नसलं तरी दूध काढत राहायचं, नाहीतर ते आटतं, आणि पहिले दोन दिवस थेंब थेंबच येतं, त्यात तुमचं काही चुकलेलं नसतं.

चौथ्या दिवशी मला डिस्चार्ज दिला. बाळाला नाही.

ते घरी जाणं मला लिहिता येईल का माहीत नाही. हॉस्पिटलच्या दारात एक दुसरी बाई रिक्षात बसत होती, मांडीवर गुंडाळलेलं गुबगुबीत बाळ, तिची आई रिक्षावाल्याला सांगत होती हळू घे रे बाबा खड्ड्यातनं. मी गाडीत बसले तर मांडी रिकामी. हात कुठं ठेवायचे कळेना. मला त्या बाईचा राग आला, खरंच आला, आणि मग त्या रागाचीच लाज वाटली. घरी आत्यांनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, अळिवाची खीर केली होती, डिंकाचे लाडू वळायला घेतले होते, सगळं बाळंतिणीसारखं, फक्त घरात बाळाचा आवाज नाही. शेजारच्या वहिनींनी विचारलं पेढे कधी, तर आत्या म्हणाल्या, "देऊ की, बाळ घरी येऊ दे." कुणीच पेढे वाटले नव्हते. तेव्हा मला ते जाणवलंसुद्धा नाही.

माझ्या माहेरची एक लांबची आजी भेटायला आली. "कितव्यात झालं?" मी म्हणलं आठवा संपत आला होता. ती गप्प झाली. मग पदरानं तोंड पुसत म्हणाली, "सातव्यातलं जगतंय म्हणत्यात..." आणि पुढचं बोललीच नाही. पुढचं मला माहीत होतं, सगळ्यांना माहीत असतं, सातव्यातलं जगतं आणि आठव्यातलं जगत नाही. त्या रात्री मी सरळ डॉक्टरांना विचारलं. ते चिडले नाहीत, शांतपणे म्हणाले की हे उलटं आहे, पोटात जेवढे आठवडे जास्त तेवढं बाळाला चांगलं, आठव्यातलं सातव्यापेक्षा नेहमीच पुढं. सदतीस आठवड्यांच्या आत आलं की लवकर आलेलं धरतात, आणि तुमचं त्यातल्या शेवटच्या टप्प्यातलं आहे, ह्याला आजारी म्हणू नका, ह्याचं थोडं काम राहिलंय, ते बाहेर करतोय. मग मी खालच्या आवाजात खरा प्रश्न विचारला. माझं काय चुकलं? दिवाळीच्या खरेदीला महाद्वार रोडला स्कूटरवरनं गेले होते ते? पाण्याची कळशी उचलली ती? ते म्हणाले बऱ्याचदा कारण सापडतच नाही. मला वाटलं होतं हे ऐकून हलकं वाटेल. वाटलं नाही. कारण सापडलं असतं तर निदान कुणाला तरी बोल लावता आला असता, मलाच का होईना.

घरात हे सगळं सगळ्यात वेगळ्या रीतीनं कुणी घेतलं असेल तर मामांनी, माझ्या सासऱ्यांनी. मामा आयुष्यभर मार्केट यार्डात गुळाचे तोलाईदार. तीस किलोचा रवा, म्हणजे गुळाची ढेप, काट्यावर ठेवायच्या आधी नुसता उचलून ते किती भरणार सांगायचे, असं अजून लोक सांगतात. जन्माच्या वेळी वजन सांगितलं, दोन किलो ऐंशी ग्रॅम, तर ते नुसते दोन्ही तळव्यांकडं बघत राहिले, जसं काही तेवढं वजन हातावर घेऊन बघतायत. मग खिशातनं डायरी काढली, व्यापारी दिवाळीला देतात तसली छोटी, आणि शिसपेन्सिलीनं लिहिलं. रोज सकाळी एकच प्रश्न, "आज किती?" २०८०, २०४०, १९८०, १९३०. चौथ्या दिवशी मामांचा चेहरा उतरला. "घट आली," म्हणाले. माल ठेवला की सुकून घट येते तो शब्द. नवऱ्यानं समजावलं की पहिल्या दिवसांत दहा टक्क्यांपर्यंत वजन उतरतं, ह्याचं तेवढंही नाही उतरलं, मग दोन आठवड्यांत परत जन्माच्या वजनावर येतं आणि पुढं दिवसाला वीस-तीस ग्रॅम. मामांनी ऐकून घेतलं. पण ज्या दिवशी १९५० झालं त्या दिवशी ते हॉस्पिटलबाहेरच्या टपरीवर सगळ्यांना, वॉचमनला, रिक्षावाल्यालापण चहा पाजून आले. वीस ग्रॅम म्हणजे चार चमचे साखर.

त्याला छातीवर पहिल्यांदा ठेवलं ते मी अजून रोज एकदा तरी आठवते. सिस्टरनी पुढनं उघडणारा गाऊन घालायला लावला, बाळाला नुसतं डायपर, टोपी, मोजे, आणि माझ्या दोन स्तनांच्या मधे उभं, बेडकासारखे पाय दुमडून, मान एका अंगाला. वरनं ओढणीनं बांधलं. कांगारू केअर. १९७८ साली कोलंबियात, बोगोटाच्या एका हॉस्पिटलात काचेच्या पेट्या कमी पडायला लागल्या, एकेका पेटीत दोन दोन बाळं, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी बाळं आयांच्या अंगावरच बांधायला सुरू केलं, तिथनं हे जगभर गेलं. हे मी नंतर वाचलं. त्या वेळी मला एवढंच कळलं की तो गरम होता आणि त्याचं डोकं माझ्या हनुवटीखाली बरोबर बसलं होतं. मॉनिटरवरचा हिरवा आकडा जो दिवसभर वर-खाली नाचायचा तो दहा मिनिटांत ठरला. त्याच्या टोपीला हॉस्पिटलचा वास होता आणि टोपीच्या खाली, कपाळाशी, कच्च्या शेंगदाण्यासारखा. नवरा शिरोलीला फौंड्रीत आहे, त्याच्या हाताला भाजल्याचे डाग, बोटांच्या रेघांत काळं बसलेलं, सिस्टर म्हणाली बाबांनीपण घ्यायचं. त्यानं कोपरापर्यंत हात तीनदा धुतले, तरी पुढं करेना. शेवटी सिस्टरनंच बाळ त्याच्या छातीवर ठेवलं. तो तासभर हलला नाही. त्याच्या पायाला मुंग्या आल्या होत्या, ते त्यानं घरी आल्यावर सांगितलं.

मग कावीळ. लवकर आलेल्यांचं यकृतही कच्चं, कावीळ जास्त चढते आणि उतरायला वेळ लावते. निळ्या लाईटखाली, डोळ्यांवर पट्टी, हात पसरून तो असा झोपायचा की मला बघवायचं नाही. आत्या म्हणायच्या कोवळ्या उन्हात धरा की त्याला, आमच्या वेळी तेच करत होते. गंमत म्हणजे हा लाईटचा उपायही उन्हातनंच सापडलेला, १९५० च्या दशकात इंग्लंडमधल्या एका हॉस्पिटलात एक सिस्टर लवकर जन्मलेल्या बाळांना अंगणात उन्हात न्यायची, तिच्या लक्षात आलं की ऊन लागलं तिथला पिवळेपणा जातो आणि झाकलेला भाग पिवळाच राहतो. डॉक्टरांनी आत्यांना समजावलं की विचार बरोबर आहे, पण खिडकीतलं ऊन एवढ्या कावीळीला पुरत नाही, आणि उघडं ठेवलं तर हा गार पडेल. आत्यांनी एवढंच पकडलं, विचार बरोबर आहे. व्हरांड्यात दोन बायकांना सांगितलंपण.

१७ नोव्हेंबरला वॉर्डात जांभळे फुगे लावले होते, लवकर आलेल्या बाळांचा दिवस असतो म्हणे जगभर. आम्ही सगळ्या आया गाऊनवर एका रांगेत उभ्या राहिलो फोटोला. सगळ्यात टोकाची पोरगी एकोणीस-वीस वर्षांची, तिचं बाळ एकतीस आठवड्यांचं. ती हसत होती. मी तेव्हा पहिल्यांदा नीट रडले.

बावीस तारखेला तो घरी आला आणि खरी भीती तिथनं सुरू झाली, कारण आता मॉनिटर नव्हता. अशी बाळं भूक लागली म्हणून रडतीलच असं नसतं, झोपूनच राहतात, आपणच दर दोन-तीन तासाला उठवायचं. तळपाय चोळायचे, दुपटं सोडायचं, गालाला बोट लावायचं. थोडं अंगावर, मग दमला की वाटी-चमच्यानं. आत्यांनी ट्रंकेतनं नवऱ्याचं चांदीचं बोंडलं काढलं, ते मी उकळून घेतलं. पोट गरम आणि तळपाय गार लागले की लगेच छातीवर घ्यायचं. श्वास भरभर चालला, बरगड्या आत ओढल्या जायला लागल्या, ओठ निळसर दिसले, दूध घेईना झाला, तळव्यापर्यंत पिवळा झाला, तर वाट बघायची नाही, सरळ हॉस्पिटल. हे सगळं नवऱ्यानं कागदावर लिहून फ्रीजवर चिकटवलं होतं. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी महिन्याच्या आत करून घेतली, ह्याला ऑक्सिजन लागला होता म्हणून, आणि कानाचीही.

आत्यांना मात्र फार सोडावं लागलं. शेक-शेगडी नाही, धुरी नाही, रगडून अंघोळ नाही, घुटी नाही. पस्तीस वर्षं त्यांनी भावकीतली सगळी बाळं न्हाऊ घातलेली, आणि स्वतःच्या नातवाला कोमट ओल्या कपड्यानं पुसायचं. एकदा मी दुपारी उठले तर त्या पाळण्याजवळ बसून त्याच्या टाळूवर नुसता तळहात धरून होत्या, न टेकवता, बोटभर वर. तेलाची वाटी शेजारी झाकलेली. मी झोपल्याचं सोंग केलं.

१६ डिसेंबरला सकाळी मामा नवीन पांढरी टोपी घालून बाहेर पडले आणि पेढे घेऊन आले. अख्ख्या गल्लीत वाटले. "आज दिवस भरलं," एवढंच सगळ्यांना सांगत होते. लोकांना कळेना बाळ तर कधीच झालंय. मलाही तेव्हा फार बरं वाटलं होतं, आता खरा जन्मला असं काहीतरी. बारसंही त्यानंतरच केलं. परवा रंकाळ्यावरनं आल्यावर हे सगळं उलगडायला लागलं, की आम्ही सगळ्यांनी मिळून ते ३७ दिवस बाजूला काढून ठेवले होते. पेढे नाहीत, फोटो कुणाला पाठवले नाहीत, पहिला महिना झाला तेव्हा केक नाही. आजींना 'अडीच' म्हणताना मी काही नवीन केलंच नव्हतं. आणि त्याच दिवसांत तर त्यानं सगळ्यात जास्त काम केलं होतं. श्वास घ्यायला शिकला, गिळायला शिकला.

रात्री मामांची डायरी मागितली. ते म्हणाले खुंटीवरच्या सदऱ्यात बघ. एक दिवससुद्धा सुटलेला नव्हता. तारीख, आकडा, तारीख, आकडा, शिसपेन्सिलीत, काही ठिकाणी चहाचा डाग. १२ नोव्हेंबर १९३०, शेजारी छोटं 'घट'. २२ नोव्हेंबर २०९०, घरी. १६ डिसेंबर २७४०. त्याच्या खाली रेघ मारलेली नव्हती. १७ डिसेंबर तसाच पुढं.

काल रविवारी मामांना घेऊन परत रंकाळ्यावर गेले. त्या आजी काही दिसल्या नाहीत. एक बाई पोराला फुगा घेऊन देत होत्या, त्यांनी थांबून विचारलं, किती महिन्यांचा? मी तोंड उघडायच्या आत मामा म्हणाले, "चार म्हयने आठ दिवस. पाच किलो तीनशे." बाईंनी बाळाच्या मानेकडं बघितलं, मग माझ्या हाताकडं. मी हात काढला नाही. म्हणलं, "पाच आठवडे आधी आलाय तो, दिवस भरायच्या आधी." त्या बाकावर सरकून बसल्या, फुगा पोराच्या मनगटाला बांधला आणि म्हणाल्या, "मग? कसं काय झालं हो?" मी ट्रॉल्यांपासनं सुरू केलं.